परत आलेली देणगी

कॉलेजला देणगी किती प्रकारे देता येते, हे माझ्या वडिलांना तोंडपाठ होतं. नाशिकमधल्या एका कॉलेजच्या ऑफिसात ते आयुष्यभर क्लार्क होते, आणि देणगी द्यायला आलेला माणूस आधी त्यांच्याच टेबलापाशी यायचा. थोडेफार द्यायचे असतील तर भिंतीवरचं घड्याळ किंवा पंखा. त्याहून जास्त असतील तर लोखंडी कपाट, बाकं, पाण्याचा कूलर. ठेव ठेवायची ऐपत असेल तर तिच्या व्याजातून दरवर्षी एखाद्या मुलाला बक्षीस. एखादा मोठा बागायतदार असेल तर अख्खी खोली, आणि दारावर संगमरवरी पाटी. "आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याने काय द्यावं?" असं आईने एकदा विचारलं होतं. "त्याने पोरं पाठवावीत," असं नाना म्हणाले होते. आम्ही वडिलांना नाना म्हणायचो.

देणगी द्यायला येणारी माणसं बहुतेक करून दुःखातून आलेली असत. कोणाची बायको गेलेली, कोणाचा तरणाताठा मुलगा. नाना त्यांना आधी पाणी द्यायचे, मग चहा सांगायचे आणि मगच पावतीपुस्तक बाहेर काढायचे. पंख्यांची मात्र त्यांना फार गंमत वाटायची. पात्यांवर पेंटरकडून लाल रंगात 'अमक्यांच्या स्मरणार्थ' असं लिहून घेतलेलं असायचं. "पंखा फिरत असला की नाव दिसत नाही," नाना जेवताना सांगायचे, "लाइट गेली की दिसतं. म्हणजे पोरं घामाघूम झाली की त्यांना कळतं, हा पंखा कोणाचा." एक गृहस्थ दर उन्हाळ्यात, कॉलेजला सुट्टी लागली की यायचे आणि बायकोच्या नावाचा पंखा असलेल्या वर्गात जाऊन बसायचे. नाना त्यांना वर्ग उघडून द्यायचे, पण पंखा लावायचे नाहीत. हे सांगताना ते हसायचे नाहीत.

निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी, असंच जेवताना, त्यांनी जाहीर केलं, "मी ठरवलंय. मी मेडिकल कॉलेजला जाणार."

"या वयात?" आईने पोळी वाढता वाढता विचारलं. "कोण घेणार तुम्हाला?"

"मेल्यावर घेतात."

आईच्या हातातली पोळी हातातच राहिली. मी त्या वेळी माहेरपणाला आले होते. माझं सासर पिंपळगाव बसवंतचं, त्यामुळे माहेरपण म्हणजे एसटीने तासाभराचा प्रवास. पण त्या दिवशी वाटलं, आलेच नसते तर बरं झालं असतं.

आमचं घर पंचवटीत. देवळं, भाजीबाजार आणि रिक्षांच्या गर्दीतून वाट काढत आपण नदीवर पोचतो, आणि नाशिकचा माणूस गोदावरीला गंगाच म्हणतो. आईचा जन्म पिंपळगावचा असला तरी लग्न झाल्यापासून तिचं सगळं आयुष्य या गंगेवर गेलं होतं. तिने नानांना सोडलं नाही. "सगळा देश इथे अस्थी घेऊन येतो," ती म्हणाली. "रात्रभर रेल्वेत बसून येतात, रिक्षावाले त्यांना लुबाडतात, तरी येतात. तुमचं घर गंगेपासून हाकेच्या अंतरावर, आणि तुम्हाला कॉलेजात जाऊन पडायचंय! मग मी काय सोडू गंगेत? तुमचा चष्मा?"

नाना शांतपणे जेवत राहिले. शेवटी ताटात हात धुऊन म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांच्या देणग्यांच्या पावत्या फाडल्या. माझ्या नावाची एक तरी फाटू दे की."

त्यांची इच्छा एवढीच होती. भाषण नाही, समाजकार्य नाही. मला ती पटली होती, आणि पुढे कित्येक महिने मी त्यांच्या बाजूने आईशी भांडले. आईचा मुद्दा एकच होता: तुम्ही जाल सुटून, लोकांना तोंड मला द्यावं लागेल. शेवटी एक दिवस ती कंटाळून त्यांच्याबरोबर रिक्षात बसली. मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात एक डॉक्टरबाई होत्या, त्यांच्यासमोर तिने जवळची नातेवाईक म्हणून सही ठोकली आणि घरी येईपर्यंत नानांशी एक शब्द बोलली नाही. डॉक्टरबाईंनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती. वेळेत आणा. माणूस गेल्यावर काही तासांच्या आत शरीरात औषध भरावं लागतं, नाहीतर ते टिकत नाही, आणि मग आम्हाला घेता येत नाही. नाना हे येईल त्याला ऐकवायचे. दूधवाल्यालासुद्धा.

नाना गेले ते मे महिन्यात, सकाळी, दाढी करताना. अर्धा गाल झालेला होता, अर्ध्यावर साबण तसाच. मी पोचले तेव्हा आईने साबण पुसून टाकला होता, आणि त्यामुळे चेहरा आणखीच अर्धवट दिसत होता. मी आधी मेडिकल कॉलेजला फोन लावला. ते म्हणाले, लगेच आणा. मी म्हटलं, माझा भाऊ कतारहून यायचाय. ते म्हणाले, आणून तर ठेवा, इथे शवागार आहे, मुलगा इथे येऊन बघेल.

मी हे आईला सांगितलं आणि तिथेच सगळं अडलं. "शवागारात?" आई म्हणाली. "कपाटाचा खण ओढून पोराला बाप दाखवणार? दादा आल्याशिवाय यांना इथून हलवायचं नाही."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमच्याकडे ही रीतच आहे. कोणी गेलं की आधी विचारतात, कोणाची वाट बघायची आहे? आणि दूर असलेला मुलगा येईपर्यंत सगळे थांबतात, मग तो कुठेही असो. त्या रीतीत कोणाला काही वावगं वाटत नाही. मलाही कधी वाटलं नव्हतं.

दुपारपर्यंत मामा आला, आईचा धाकटा भाऊ. पिंपळगावला त्याचं द्राक्षं पेट्यांत भरून गार ठेवायचं पॅकहाउस आहे. टेम्पोत बर्फाच्या लाद्या भरून घेऊन आला होता. घाम पुसत म्हणाला, "आक्का, एक सांगू का? आपलं कोल्ड स्टोरेज मोकळंच हाय आता. सीझन संपला. तिथं ठेवू दाजीला. लय गार असतं, काय होत नाय."

"दाजी म्हणजे काय द्राक्षाची पेटी वाटली तुला?" मी ओरडले. मामा टेम्पोतल्या लाद्या उतरवायला लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं हे मला नंतर कळलं. त्याला जे देता येत होतं ते तो देऊ करत होता, आणि आज मागे वळून बघताना वाटतं, त्या घरात त्या दिवशी शहाणपणाचं बोलणारा तो एकटाच होता.

मी आईला परोपरीने विनवलं. "आई, नानांना जायचं होतं गं. त्यांनी किती वेळा सांगितलं होतं."

"त्यांना कुठे जायचंय ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "आधी पोराला बापाचं तोंड बघू दे. मग न्या कुठे न्यायचं तिकडे."

दादाचं विमान उशिरा निघालं, मुंबईला आणखी उशिरा उतरलं, आणि कसाऱ्याच्या घाटात ट्रक उलटल्यामुळे गाड्यांची रांग लागली होती. घरात बर्फ वितळत होता. फरशीवरून पाणी वाहायचं, आम्ही पुसत राहायचो. दादा आला तो दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर. तो नानांच्या पायांवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला, आणि आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बघ, थांबलेत तुझ्यासाठी."

मग आम्ही नानांना कॉलेजला घेऊन गेलो. त्याच डॉक्टरबाई बाहेर आल्या. अँब्युलन्सचं दार उघडून त्यांनी बघितलं आणि काल किती वाजता गेले ते विचारलं. मग आईकडे वळून म्हणाल्या, "काकू, आम्हाला नाही घेता येणार."

"का? सह्या आहेत की. मी स्वतः केलीय सही."

"सह्या आहेत, काकू. उशीर झालाय."

त्यानंतर जे झालं ते मी विसरू शकत नाही. ज्या बाईने इतके महिने या कॉलेजच्या नावाने बोटं मोडली होती, ती त्या बाईंचा हात धरून विनवायला लागली. "सगळं नका घेऊ मग. थोडं तरी कुठे उपयोगी पडेल, बघा ना. हात बघा. हातांना काही झालेलं नाही. ह्यांचं अक्षर फार सुंदर होतं हो."

डॉक्टरबाईंनी तिला जवळ घेतलं. दादा मान खाली घालून उभा होता. ड्रायव्हरने विचारलं, आता कुठे घ्यायची गाडी? शेवटी मामाच म्हणाला, "घे अमरधामला. दुसरं कुठं."

आईला हवं होतं ते सगळं झालं. अग्नी मिळाला, अस्थी मिळाल्या, त्या रामकुंडात गेल्या. नातेवाईक हळू आवाजात बोलत होते की बाईने आपलंच खरं केलं. मलाही तसंच वाटलं, आणि मी ते चेहऱ्यावरून लपवलंही नाही. आईला मात्र त्यातलं काहीच लागत नव्हतं. अस्थी सोडताना ती पाण्याकडे बघतसुद्धा नव्हती. पाठ करून पायरीवर बसली होती.

दहाव्याला ती घाटावर आली. आमच्याकडे बायका जात नाहीत, पण तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही. दहाव्याला पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला की गेलेल्याची काही इच्छा उरली नाही असं समजायचं. नाही शिवला तर घरच्यांनी पुढे होऊन वचन द्यायचं, की तुमचं राहिलेलं आम्ही करू. शेजारच्या कुटुंबाच्या पिंडावर कावळे नुसते तुटून पडत होते. आमच्याकडे एकही फिरकत नव्हता. दादा हात जोडून म्हणाला, "नाना, आईची काळजी करू नका." कावळे कठड्यावर बसून राहिले. मामा म्हणाला, "दाजी, पोरांचं मी बघतो, काय चिंता करू नका." आम्हा पोरांचे केस पांढरे व्हायला लागलेले, आणि हा आमचं बघणार होता. एरवी मी हसले असते.

काय राहिलं होतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आई उठली. पदर डोक्यावरून घेतला, पिंडासमोर उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात, जणू नाना समोर बसलेत, म्हणाली, "तुमची देणगी माझ्यामुळे परत आली. तुमच्या जागी मी जाईन. आता तरी घ्या."

कावळा शिवला असता तर गोष्ट छान झाली असती. तो शिवला नाही. गुरुजींच्या मागे पुढचं कुटुंब खोळंबलं होतं, त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. घरी आल्यावर मला वाटलं, आई कोसळेल. तिने चहा केला. आम्हा सगळ्यांना दिला. मग म्हणाली, "नुसत्या तोंडी बोलण्यावर त्यांनी कोणाला पावती दिलीय का कधी? त्यांना हातात लागतं."

पुढच्याच महिन्यात ती कॉलेजला गेली. या वेळी जवळची नातेवाईक म्हणून सही मी केली, आणि करण्याआधी दोनदा पेन खाली ठेवलं. तेव्हा कुठे मला कळलं की नानांच्या वेळी आईने ती सही कशी केली असेल. इतके महिने मी तिच्याशी भांडत होते ते किती स्वस्तातलं होतं. दुसऱ्याच्या माणसाबद्दल मोठं मन करायला काही लागत नाही, आणि नाना तर माझेही होते, पण ते तिचे जेवढे होते तेवढे माझे नव्हते.

त्यानंतर आई स्वतःच्या शरीराकडे निराळ्याच नजरेने बघायला लागली. तिला साखरेचा त्रास होता. पूर्वी गोळ्या घ्यायला कंटाळायची. आता पायाला साधं खरचटलं तरी डॉक्टरकडे पळायची. "पाय सडला तर घेणार नाहीत," म्हणायची, आणि रोज झोपताना तळव्यांना तेल लावायची. मी चिडवायची, "आई, स्थळ बघायला येणार आहेत की काय तुला?" ती म्हणायची, "तसंच समज. एकदा नकार आलाय आपल्या घराला."

आणि एक गोष्ट ती सारखी बजावायची. "कोणासाठी थांबायचं नाही. दादासाठी नाही आणि तुझ्यासाठीही नाही. शवागारातसुद्धा नाही, पोचले की लगेच औषध भरायचं."

"मी काय, तासाभरात येते पिंपळगावहून," मी म्हणायची.

"तरी नाही." शेजारच्या काकूंना तिने सगळं समजावून ठेवलं होतं, डॉक्टरला कधी बोलवायचं, गाडी कुठून मागवायची. माझ्यावर तिचा भरवसा नव्हता. "तू रडत बसशील आणि उशीर करशील," असं तोंडावर सांगायची. "काकू खमकी आहे."

एक सांगून टाकते. आईला कॉलेजने घेतलं. अगदी वेळेत पोचली ती. डॉक्टरबाई आता तिथे नव्हत्या, त्यांच्या जागी दुसरे कोणी डॉक्टर होते, आणि त्यांनी काकूंना नमस्कार करून सांगितलं की तुम्ही फार चांगलं आणलंत त्यांना. काकूंनी ते मला फोनवर सांगितलं, आणि एवढ्या दुःखातही माझ्या मनात आलं, नाना असते तर आज पावतीवर सुरेख अक्षरात लिहिलं असतं.

मी तेव्हा नागपुरात होते. लेकीला तिकडे कॉलेजात प्रवेश मिळाला होता, तिला हॉस्टेलवर सोडायला गेले होते. नाशिकहून निघताना द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये बस अडकली होती, तेवढ्यात आईचा फोन आला होता. लेकीला चादरी दोन दे, एक वापरायची आणि एक धुण्यात, एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्टेलच्या खोलीत मी तीच चादर घालत होते आणि काकूंचा फोन आला.

"अगं, आई गेली," काकू म्हणाल्या. "देवपूजा करून पडली होती, उठवायला गेले तर... डॉक्टर येऊन गेले. गाडी दारात आहे. दादाला कळवलंय. तू निघतेस का? थांबवू का गाडी?"

नागपूरहून घरी पोचायला रात्र झाली असती. आईने बजावल्याप्रमाणे कॉलेजात शवागारात न ठेवता लगेच औषध भरणार होते, आणि मग चेहरा आपल्या ओळखीचा राहत नाही, हे मला नानांच्या वेळेपासून माहीत होतं. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. माझ्या तोंडून 'थांबवा' असं बाहेर पडणारच होतं. दिवस पावसाळी आहेत, हवा गार आहे, खिडक्या उघड्या ठेवा, मामाला सांगा, तो बर्फ आणेल. नानांच्या वेळी आईने जे जे केलं ते सगळं करायला मी तयार झाले होते. तिने दादासाठी का वाट बघितली ते मला लेकीच्या त्या अर्धवट लावलेल्या खोलीत उभ्याउभ्या समजलं, आणि ते तिला सांगायची सोय उरली नव्हती.

"थांब, तुला दाखवते," काकू म्हणाल्या. "व्हिडिओ लावते. डोळे भरून बघून घे."

त्यांना फोनमधलं फारसं कळत नाही. व्हिडिओ लागला, पण कॅमेरा नीट धरलेला नव्हता. मला दिसलं ते छत आणि आईच्या खोलीतला पंखा. बायका जमल्या असतील, कोणीतरी लावला असेल. जुना, पांढरा पंखा, कोणाचंही नाव नसलेला, हळूहळू फिरत होता. खाली कुठेतरी आई होती. फोन वळवा, काकू, एवढंच मला म्हणायचं होतं. पण फोन वळवला असता आणि मला आई दिसली असती, तर मी 'थांबवा' म्हटलं असतं, आणि तिला पुन्हा एकदा नकार आला असता.

"दिसतेय ना गं नीट?" काकूंनी विचारलं.

"दिसतेय," मी म्हटलं.

"मग जाऊ देऊ गाडी?"

मी पंख्याकडे बघत राहिले.

"जाऊ द्या, काकू."